ससेक्समधली उघड्यावरची शिल्पं आणि स्मारकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ससेक्समध्ये शिकायला आलेली मुलं, त्यांना भेटायला येणारे आईवडील आणि लंडनहून एका दिवसासाठी समुद्रावर येणारी मराठी मंडळी सारखी काही ना काही विचारत असतात. त्या प्रश्नांची ही उत्तरं. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, किचकट नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ससेक्स म्हणजे नेमका कुठला भाग? ईस्ट आणि वेस्ट वेगळे आहेत का?

लंडनच्या दक्षिणेला, इंग्लिश खाडीच्या काठाने पसरलेली ही जुनी काउंटी. कारभारासाठी आता तिचे ईस्ट ससेक्स आणि वेस्ट ससेक्स असे भाग आहेत, आणि ब्रायटन अँड होव्हचा कारभार १९९७ पासून स्वतंत्र आहे. इथे आपण तिन्ही एकत्र धरले आहेत. तक्रार करायची असेल किंवा परवानगी मागायची असेल, तर मात्र कोणत्या कौन्सिलची हद्द आहे ते पाहावं लागतं (प्रश्न १७).

२. तिकीट लागतं का? वेळा काय?

इथे सांगितलेलं जवळपास सगळं रस्त्यावर, बागेत, समुद्रकाठी किंवा डोंगरावर आहे. तिकीट नाही, वेळ नाही. अडचण अंधाराची असते. डिसेंबरात दुपारी चारलाच दिवस मावळतो, त्यामुळे डोंगरावरच्या जागा हिवाळ्यात सकाळीच उरकाव्यात.

३. ब्रायटनमध्ये एकच दिवस आहे. काय काय पाहून होईल?

चालायची तयारी असेल तर पुष्कळ. स्टेशनवरून उतरत रॉयल पॅव्हिलियन या जुन्या राजवाड्याला या आणि दक्षिणेकडचं इंडिया गेट पाहा (प्रश्न ८). तिथून समुद्रावर गेलात की ब्रूस विल्यम्सची १९९२ ची ‘किस वॉल’ लागते. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला लहानमोठी भोकं पाडून चुंबन घेणाऱ्या जोड्या उमटवल्या आहेत. अगदी जवळ उभं राहिलं तर नुसती भोकंच दिसतात. चार पावलं मागे सरका, थोडं बाजूला व्हा, उजेड मागून येऊ द्या, मग चेहरे जुळून येतात. घाईत असलेले लोक शेजारून निघून जातात आणि त्यांना काहीच दिसत नाही.

पुढे हॅमिश ब्लॅकचं १९९८ चं ‘अफ्लोट’ आहे. मधोमध आरपार भोक असलेल्या या काशाच्या गोलाला गावकरी सरळ ‘डोनट’ म्हणतात. मडीरा ड्राइव्हवर धावपटू स्टीव्ह ओव्हेटचा पुतळा आहे (प्रश्न १४). न्यू स्टाइन बागेत एड्सने गेलेल्यांच्या स्मरणार्थ २००९ मध्ये उभारलेलं ‘टे’ हे शिल्प आहे. तिथे दोन मिनिटं बसाच. पश्चिमेला ब्रायटन आणि होव्हच्या जुन्या शिवेवर १९१२ चा शांतिदूताचा पुतळा आहे. हातात ऑलिव्हची फांदी घेतलेली ही देवदूत सातव्या एडवर्डच्या स्मरणार्थ उभारली आहे.

पॅचमच्या डोंगरावरचं भारतीय सैनिकांचं स्मारक, म्हणजे छत्री (प्रश्न ४), याच दिवसात कोंबू नका. तिला अर्धा दिवस द्या.

४. पॅचमची छत्री म्हणजे काय? भारतीयांसाठी तिचं एवढं महत्त्व का?

पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या अखेरपासून, फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेले भारतीय सैनिक ब्रायटनला आणले जाऊ लागले. रॉयल पॅव्हिलियन, त्याला लागून असलेले डोम आणि कॉर्न एक्स्चेंज, यॉर्क प्लेसची शाळा आणि गावातलं मोठं वर्कहाउस (निराधार गरिबांना ठेवण्याची जागा) या सगळ्यांची इस्पितळं झाली. पॅव्हिलियनच्या आवारात वेगवेगळ्या धर्मांच्या आणि जातींच्या सैनिकांसाठी नऊ स्वयंपाकघरं होती. हिंदू आणि मुसलमानांसाठी पाण्याचे नळही निराळे ठेवले होते.

इस्पितळात जे वारले, त्यांतल्या हिंदू आणि शीख सैनिकांना शहराबाहेर, पॅचमच्या वरच्या डोंगरउतारावर अग्नी दिला गेला आणि त्यांची रक्षा समुद्रात सोडली गेली. असे ५३ जण होते. दहनाच्या त्याच जागेवर छत्री उभी आहे. तिथे स्मारक व्हावं ही कल्पना इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या दासगुप्ता नावाच्या अधिकाऱ्याने ब्रायटनचे महापौर जॉन ऑटर यांच्यापुढे मांडली आणि ऑटर यांनी ती शेवटपर्यंत लावून धरली. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुरचनाकाराचा. राजस्थानातल्या कामासाठी ख्याती असलेले सर सॅम्युअल स्विंटन जेकब यांची त्यावर देखरेख होती. १ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सने तिचं अनावरण केलं.

आठ खांब, त्यावर घुमट, सगळं पांढऱ्या सिसिलियन संगमरवरात, उंची २९ फूट. भिंत एकही नाही. पुण्यात वानवडीला महादजी शिंद्यांना जिथे अग्नी दिला त्या जागेवरची शिंदे छत्री पाहिलेल्यांना दहनभूमीवर छत्री उभारण्याची रीत परकी वाटणार नाही. पॅचमला मात्र देव नाही, मूर्ती नाही, पुजारी नाही. चारी बाजूंना गवताचा उतार आहे आणि खाली लांबवर ब्रायटन. छत्रीच्या पायथ्याशी जमिनीत ग्रॅनाइटच्या तीन मोठ्या शिला आहेत. चिता ज्या काँक्रीटच्या ओट्यांवर रचल्या जात, त्या ओट्यांवर त्या बसवलेल्या आहेत. बहुतेक जण घुमटाचा फोटो काढून परततात. माझ्या मते स्मारकाचा गाभा या तीन शिलांमध्ये आहे.

लेख इंग्रजीबरोबरच हिंदी, पंजाबी आणि उर्दूतही आहे. इस्पितळात वारलेले हिंदू आणि शीख या जागी अग्नीतून गेले, असं तो सांगतो, आणि महायुद्धात प्राण दिलेल्या सर्वच भारतीय सैनिकांना हे स्मारक अर्पण करतो. नाव मात्र एकाचंही नाही. त्याबद्दल प्रश्न ६ मध्ये.

५. छत्रीपर्यंत गाडी जाते का? वृद्ध आईवडिलांना नेता येईल का?

गाडी जात नाही. ब्रायटनहून पॅचमपर्यंत बस आहे. तिथून ए-२७ हा मोठा रस्ता ओलांडून घोडेवाटेने वर चढायचं. दुसरी वाट उत्तरेकडून येते. क्लेटनच्या ‘जॅक आणि जिल’ या पवनचक्क्यांपाशी गाडी लावून डोंगरमाथ्यावरून चालत यायचं. रमतगमत गेलात तर कोणत्याही बाजूने एका वेळेला तासभर धरा. वाट गुरांच्या कुरणांतून जाते. फाटक उघडलं तर मागे लावून घ्या. पाऊस झाल्यावर इथली खडूमिश्रित माती बुटाला चिकटते आणि भयंकर घसरते.

चाकाची खुर्ची इथे नेणं कठीण आहे. गुडघेदुखी असलेल्यांनी कोरड्या हवेत काठी घेऊन पवनचक्क्यांकडून यावं. ते जमण्यासारखं नसेल तर ब्रायटनचं इंडिया गेट आणि किनारा किंवा वर्दिंगची लिव्हरपूल गार्डन्स (प्रश्न १५) पाहा. तिथे सगळं सपाटीवर आहे.

६. तिथे कोणाची नावं आहेत? मराठा सैनिक होते का?

छत्री १९२१ ची, नावं २०१० ची. त्या वर्षी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने (महायुद्धांत पडलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) छत्रीजवळ वेगळं छोटं स्मारक बांधून तिथे दहन झालेल्या ५३ जणांची नावं दगडात कोरली. मधली ८९ वर्षं हे सैनिक तिथे केवळ ‘हिंदू आणि शीख’ होते. छत्री सुंदर आहेच, पण त्या नावांच्या भिंतीपुढे अधिक वेळ थांबा. प्रत्येक नाव मोठ्याने वाचा. पाच मिनिटांत वाचून होतात.

मराठ्यांबद्दल. ज्या मराठा पलटणींचा पराक्रम आपण ऐकतो, त्या पहिल्या महायुद्धात प्रामुख्याने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री कुतच्या वेढ्यात होती. फ्रान्सच्या आघाडीवर महाराष्ट्राशी थेट नातं होतं ते खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सचं, म्हणजे लष्करी अभियांत्रिकी पलटणीचं. त्यांच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्यांनी ऑक्टोबर १९१४ मध्ये नव्ह शापेल गाव परत घेण्याच्या हल्ल्यात भाग घेतला आणि त्यात त्यांची फार मोठी हानी झाली. त्या गावाजवळ १९२७ मध्ये उभारलेलं स्मारक फ्रान्सच्या आघाडीवर पडलेल्या भारतीयांचं मुख्य स्मारक आहे. आपल्या घरातल्या कोणाचा शोध घ्यायचा असेल तर प्रश्न १९ पाहा.

७. इस्पितळात वारलेल्या मुस्लिम सैनिकांचं काय झालं?

त्यांचं दफन ससेक्समध्ये झालं नाही. शेजारच्या सरे काउंटीत वोकिंगला शाहजहान मशीद आहे. तिच्या जवळच्या हॉर्सेल कॉमनवर त्यांच्यासाठी कमानी आणि घुमटाची भिंत असलेलं दफनस्थान बांधलं गेलं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या कबरी ब्रुकवूडच्या लष्करी दफनभूमीत हलवल्या. जुनी भिंत शाबूत आहे आणि २०१५ पासून आत शांतता उद्यान आहे. छत्री पाहिली असेल तर वोकिंगलाही जा. एकाच इस्पितळात शेजारच्या खाटांवर असलेली ही माणसं होती.

८. ब्रायटनचं इंडिया गेट आणि दिल्लीचं इंडिया गेट यांचा काही संबंध?

नाही. ब्रायटनचं गेट पॅव्हिलियनच्या बागेचं दक्षिणेकडचं प्रवेशद्वार आहे. गुजराती धाटणीचे चार खांब आणि वर घुमट. भारतीय जखमींची शुश्रूषा केल्याबद्दल भारतातल्या संस्थानिकांनी आणि जनतेने दिलेली ही भेट आहे. २६ ऑक्टोबर १९२१ रोजी पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग यांनी ते खुलं केलं. छत्री ब्रिटिशांनी भारतीयांसाठी बांधली आणि गेट भारतीयांनी ब्रायटनकरांना दिलं, दोन्ही एकाच वर्षी. त्यामुळे एक पाहून दुसरं सोडू नये.

९. छत्रीवर फुलं वाहिली, दिवा लावला तर चालतं का? वार्षिक कार्यक्रम कधी असतो?

दरवर्षी जूनमध्ये एका रविवारी तिथे सामुदायिक मानवंदना असते. १९५१ पासून पॅचमच्या रॉयल ब्रिटिश लीजनने (माजी सैनिकांची संघटना) ती अनेक दशकं चालवली. त्यांना वयोमानाने जमेना, तेव्हा शीख आणि इतर स्वयंसेवकांच्या गटाने ती हाती घेतली. ती कोणालाही खुली आहे. जमलं तर त्याच दिवशी जा.

एरवी फुलं ठेवायला हरकत नाही, पण प्लास्टिकचं वेष्टन, दोरा, पिशवी परत आणा. आजूबाजूला जनावरं चरत असतात. उन्हाळ्यात गवत वाळलेलं असतं, तेव्हा डोंगरावर ज्योत नकोच. एक विनंती मात्र मनापासून आहे. त्या तीन शिलांवर चढून फोटो काढू नका आणि तिथे बसून डबे उघडू नका. स्मशानात आपण जसे वागतो तसंच वागायचं.

१०. छत्रीशिवाय भारताशी संबंधित आणखी काय आहे?

ब्रायटनच्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात शेख दीन महोमेद यांची कबर आहे. पाटण्याचा हा माणूस ब्रायटनमध्ये चंपी आणि बाष्पस्नानाचा व्यवसाय करून नावारूपाला आला. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम हे दोन राजे त्याचे गिऱ्हाईक होते. १८५१ मध्ये तो वारला. कबर साधी आहे, शोधावी लागते.

दुसरी हकिकत बेक्सहिलची, आणि ती मला जास्त लागते. कूचबिहारचे महाराजा नृपेंद्र नारायण यांचं सप्टेंबर १९११ मध्ये बेक्सहिलला निधन झालं. त्यांच्या स्मरणार्थ समुद्रकाठी पिण्याच्या पाण्याचं कारंजं बांधलं आणि १८ सप्टेंबर १९१३ रोजी त्यांचे पुत्र जितेंद्र नारायण यांनी त्याचं अनावरण केलं. महिन्याभरापूर्वीच जितेंद्र यांनी लंडनमध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या इंदिराराजे यांच्याशी विवाह केला होता. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेली सोयरीक इंदिराराजेंनी स्वतः मोडली होती, ती हीच गोष्ट. म्हणजे या कारंज्याच्या मागे आपल्याकडची दोन मराठा घराणी उभी आहेत.

१९३० च्या दशकात त्याच जागेवर दे ला वॉर पॅव्हिलियन बांधायचं ठरलं आणि कारंजं इगर्टन पार्कमध्ये संग्रहालयासमोर हलवलं गेलं. १९६३ पर्यंत ते तिथे होतं. मग दुरुस्तीसाठी उचललं, गावच्या दफनभूमीत ठेवलं, आणि तिथून ते नाहीसं झालं. छत्री टिकली, कारण दर जूनला तिथे माणसं येत राहिली. हे कारंजं कोणाचंच उरलं नव्हतं.

११. किपलिंगचं काही स्मारक आहे का?

रुडयार्ड किपलिंगचा जन्म मुंबईचा, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला. उत्तरायुष्य ससेक्समधल्या बर्वॉश गावी गेलं. त्याचा मुलगा जॉन १९१५ मध्ये लूसच्या लढाईत पडला आणि त्याचं नाव गावच्या युद्धस्मारकावर आहे. हे स्मारक उंच आणि दगडी आहे, वर दिवा आहे. स्मारकावरच्या प्रत्येक सैनिकाच्या पुण्यतिथीला तो दिवा लावण्याची गावाची प्रथा आहे. युद्धस्मारकांबद्दल इंग्लंडमध्ये इतकी नेमकी, माणसागणिक पाळलेली प्रथा मी दुसरीकडे पाहिलेली नाही. किपलिंगचे साम्राज्याबद्दलचे विचार पटत नाहीत म्हणून बर्वॉश टाळू नका. तो दिवा गावाचा आहे.

१२. विल्मिंग्टनचा ‘लाँग मॅन’ हजारो वर्षं जुना आहे ना?

नाही. बरीच माहितीपत्रकं अजून तसं सुचवतात. विंडोव्हर टेकडीच्या उतारावर दोन्ही हातांत उंच काठ्या धरलेल्या माणसाची ही रेखाकृती २३५ फूट उंच आहे. ती लोहयुगातली किंवा रोमन काळातली असावी असं पूर्वी मानलं जाई. २००३ मध्ये रेडिंग विद्यापीठाच्या मार्टिन बेल यांनी पायथ्याशी उत्खनन केलं. उतारावरून घरंगळलेल्या खडूच्या थरांवरून ती सोळाव्या-सतराव्या शतकात कोरली गेली असावी असं दिसलं. तिचं सर्वांत जुनं उपलब्ध चित्र १७१० चं आहे.

आज दिसते ती रेघ खडूची नाही. १८७४ मध्ये ती विटांनी आखली गेली आणि १९६९ मध्ये विटांच्या जागी काँक्रीटचे ठोकळे आले. ते पांढरे रंगवतात. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या विमानांना खूण मिळू नये म्हणून तेव्हाच्या विटांना हिरवा रंग दिला होता. शरीर मुद्दाम लांबट काढलेलं आहे, खालून पाहताना ते प्रमाणात दिसतं. म्हणून गावातल्या रस्त्यावरूनच पाहा. रेघांवर चालू नका, ठोकळे सुटतात. मालकी ससेक्स आर्किऑलॉजिकल सोसायटीची आहे.

१३. डोंगरावर अशी आणखी कामं आहेत का?

आहेत. लिटलिंग्टनजवळ १९२४ मध्ये कोरलेला पांढरा घोडा आहे. स्ट्रीट गावच्या वर डोंगरउतारावर इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात झाडं लावलेली आहेत. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला ५० वर्षं झाली तेव्हाचं, १८८७ चं हे स्मारक. खालून गाडीतूनही दिसतं.

मला सर्वांत आवडतं ते कॉकिंग आणि वेस्ट डीनच्या दरम्यानचं. अँडी गोल्ड्सवर्दी या शिल्पकाराने २००२ मध्ये तिथे पायवाटेच्या कडेने खडूचे प्रचंड गोळे ठेवले, माणसाच्या उंचीचे. आले तेव्हा पांढरेशुभ्र होते. आता त्यांच्यावर शेवाळ आहे, तडे आहेत, काहींचे ढलपे निघाले आहेत. ‘यांची काळजी कोणी घेत नाही का’ असं विचारणारे पुष्कळ भेटतात. झिजणं हाच त्या कामाचा भाग आहे. पाऊस आणि थंडी त्यांना खाणार हे धरूनच ते ठेवले होते. छत्रीचं झिजणं आणि या गोळ्यांचं झिजणं सारखं मानू नका.

१४. पुतळे चोरीला जातात असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचं सुवर्णपदक जिंकणारा स्टीव्ह ओव्हेट ब्रायटनचा. त्याचा काशाचा पुतळा १९८७ पासून प्रेस्टन पार्कमध्ये होता. २००७ मध्ये चोरांनी तो कापून नेला. नवा पुतळा २०१२ मध्ये मडीरा ड्राइव्हवर उभा राहिला. चोरांना शिल्पाशी देणंघेणं नसतं, त्यांना धातू हवा असतो. २०१३ मध्ये भंगाराच्या व्यापारावर नवा कायदा आला. त्यानुसार भंगारवाल्याने रोख पैसे देणं गुन्हा आहे आणि विकणाऱ्याची ओळख तपासावी लागते. एखाद्या स्मारकावरची पितळी पाटी सैल झालेली दिसली तर लगेच कळवा, कसं ते प्रश्न १७ मध्ये आहे.

१५. चोरी सोडा, मालकच शिल्प विकू किंवा काढून टाकू शकतो का?

शकतो, आणि इथेच लोकांचा गोंधळ होतो. रस्त्यावर दिसतं म्हणून शिल्प जनतेचं असतं असं नाही.

वर्दिंगला लिव्हरपूल गार्डन्समध्ये एलिझाबेथ फ्रिंकची ‘डेझर्ट क्वार्टेट’ आहे. १९८९ मध्ये तिथे बसवलेली चार प्रचंड काशाची डोकी. केस नाहीत, नजर जड, ओठ मिटलेले. खाली बाकावर बसलं की चौघं डोक्यावरून पलीकडे कुठेतरी पाहताहेत असं वाटतं. ती खाजगी मालकीची होती आणि विकली जाण्याची चिन्हं दिसू लागली. गावकऱ्यांनी आवाज उठवला आणि २००७ मध्ये त्यांना ‘ग्रेड २ स्टार’ असं वारसा संरक्षण मिळालं. सहसा ३० वर्षं जुन्या कामांचाच असा विचार होतो. ही २० वर्षांचीही नव्हती. आता परवानगीशिवाय ती हलवता येत नाहीत.

हॉर्शमचं नशीब उलटं. शेली हा कवी हॉर्शमजवळचा. त्याच्या स्मरणार्थ अँजेला कॉनरने केलेलं ‘रायझिंग युनिव्हर्स’ हे कारंजं १९९६ मध्ये गावात बसवलं. पाण्याच्या जोरावर वर जाणारा आणि मग एकदम पाणी सोडणारा प्रचंड गोल होता तो. यंत्रणा सारखी बिघडत राहिली, खर्च वाढत गेला, आणि २०१६ मध्ये ते काढलं. बऱ्याच लोकांना ते कुरूप वाटायचं. तरी मला वाटतं, पाण्यावर चालणारं शिल्प घेताना पुढच्या ३० वर्षांच्या दुरुस्तीचे पैसे आधी बाजूला ठेवायला हवेत. नाही तर घेऊ नये.

१६. भित्तिचित्रांचं काय? बँक्सीचं चित्र अजून आहे का? आणि फोटो वापरता येतात का?

ब्रायटन स्टेशनजवळ प्रिन्स अल्बर्ट पबच्या भिंतीवर बँक्सी या अज्ञात भित्तिचित्रकाराने २००४ मध्ये चुंबन घेणारे दोन पोलीस रंगवले. आज तिथे दिसते ती नक्कल आहे. मूळ चित्र भिंतीवरून काढून अमेरिकेत नेलं आणि २०१४ मध्ये मायामीत ५ लाख ७५ हजार डॉलरला विकलं गेलं.

फोटोंबाबत ब्रिटनचा १९८८ चा कॉपीराइट कायदा स्पष्ट आहे. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचा किंवा इमारतीचा फोटो काढून तो छापायला, विकायलाही कलावंताची परवानगी लागत नाही. भित्तिचित्राला ही सवलत नाही. ओव्हेटच्या पुतळ्याचा फोटो दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर चालेल. भित्तिचित्राचा हवा असेल तर आधी विचारा. शिल्प तात्पुरतं मांडलेलं असेल तरीही विचारावं लागतं.

१७. स्मारक खराब झालेलं दिसलं तर कोणाला कळवायचं? स्वतः साफ केलं तर?

स्वतः हात लावू नका. तारेचा ब्रश, साबण, ब्लीच यांनी दगडाचं कायमचं नुकसान होतं. कोरलेली अक्षरं आधी जातात. फोटो काढा, नेमकी जागा लिहा आणि मालकाला पाठवा. बागेतलं आणि रस्त्यावरचं काम असेल तर कौन्सिल, चर्चच्या आवारातलं असेल तर चर्च. युद्धस्मारकाची मालकी कळत नसेल तर वॉर मेमोरियल्स ट्रस्ट मदत करतो आणि दुरुस्तीसाठी अनुदानाचा मार्गही सांगतो. संरक्षित वास्तूंची यादी हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. छत्री, अर्थातच, त्या यादीत आहे. दुसऱ्या महायुद्धात हा डोंगर लष्कराने सरावासाठी घेतला होता आणि छत्रीच्या संगमरवरावर गोळ्यांचे व्रण पडले. युद्धानंतर दुरुस्ती झाली.

१८. लुइसमध्ये स्मारकं एकमेकांच्या विरोधात आहेत असं वाटतं. हे काय प्रकरण आहे?

लुइस या छोट्या गावात इतिहासाच्या सगळ्या बाजू उभ्या आहेत. टेकडीवरचा १९०१ चा सुळका १५५५ ते १५५७ मध्ये कॅथलिक राणीच्या राजवटीत धर्मासाठी इथे जाळलेल्या १७ प्रोटेस्टंटांचा आहे. ५ नोव्हेंबरच्या प्रसिद्ध मशाल-मिरवणुकीत त्यांच्यासाठी १७ जळते क्रूस नेतात. त्याच रात्री मिरवणुकीतल्या मंडळ्या हाय स्ट्रीटवर व्हर्नन मार्चने घडवलेल्या युद्धस्मारकापाशी थांबून पुष्पचक्र वाहतात. जुन्या मठाच्या अवशेषांत १२६४ च्या लुइसच्या लढाईसाठी घडवलेलं शिरस्त्राण आहे, आणि राजेशाहीवर तुटून पडलेल्या टॉमस पेन या लेखकाचा २०१० चा पुतळा ग्रंथालयाबाहेर आहे. पेन इथे काही वर्षं राहत होता.

सर्वांत अनपेक्षित स्मारक सेंट जॉन चर्चच्या आवारात आहे. क्रिमियन युद्धात रशियाच्या बाजूने लढताना पकडलेले फिनिश सैनिक लुइसच्या तुरुंगात होते. त्यांतले २८ जण इथेच वारले. १८७७ मध्ये रशियाच्या झार दुसऱ्या अलेक्झांडरने त्यांच्यासाठी हा स्तंभ उभारला. शत्रूच्या सैनिकांचं स्मारक, शत्रूच्या राजाने, इंग्लंडच्या भूमीवर. त्यावर नावं आहेत. छत्रीपाशी नावं यायला २०१० उजाडलं, हे मला इथे उभं असताना दर वेळी आठवतं.

माणसांपलीकडचं स्मारक हवं असेल तर वर्दिंगच्या बीच हाउस पार्कमध्ये दुसऱ्या महायुद्धात संदेश नेणाऱ्या कबुतरांचं आहे. मुलांना घेऊन जा.

१९. पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले, घरी फक्त नाव माहीत आहे. त्यांचं नाव कुठल्या स्मारकावर आहे हे कसं शोधायचं?

हा प्रश्न सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या मंडळींकडून सर्वांत जास्त येतो. आधी घरात पलटण शोधा. जुनं पदक असेल तर त्याच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंगातून पाहा. गावातल्या स्मृतिफलकावरूनही सुगावा लागतो. साताऱ्याजवळच्या आपशिंगे (मिलिटरी) गावातल्या ४६ जणांनी त्या युद्धात प्राण दिले, आणि त्यांचा फलक गावात आहे.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा, ते फुकट आहे. नाव इंग्रजीत चार-पाच तऱ्हांनी लिहून पाहा. इंग्रज कारकुनांनी ऐकलं तसं लिहिलं, त्यामुळे एकच आडनाव निरनिराळ्या रूपांत सापडतं, आणि पुष्कळदा आडनाव नसतंच, फक्त नाव आणि वडिलांचं नाव असतं. पलटणीचा क्रमांक आणि मृत्यूचं वर्ष टाकून यादी लहान करा.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे निराशा होणार नाही. मराठा पलटणींतले पुष्कळ जण मेसोपोटेमियात पडले आणि त्यांचं स्मारक इराकमधलं बसरा मेमोरियल आहे. तिथल्या भिंतींवर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांची मात्र पलटणवार फक्त संख्या लिहिली गेली. स्मरणातली ही विषमता कमिशनने २०२१ च्या अहवालात स्वतः मान्य केली. त्यामुळे भिंतीचा फोटो मिळाला आणि त्यात पणजोबा दिसले नाहीत, तरी शोध थांबवू नका. कमिशनच्या नोंदवहीत नाव असू शकतं. तिथेही नसेल तर नाव, पलटण, मृत्यूची तारीख आणि पदकाचा किंवा जुन्या कागदाचा फोटो जोडून कमिशनला लिहा. राहून गेलेली नावं ते पुरावा तपासून आजही नोंदवून घेतात.